बर्फ आमचा, बर्फी तुमची

त्या सकाळी खलिफा गौसुद्दीनने भट्टीवाल्याच्या हातून नान घ्यायला साफ नकार दिला.

"फळीवर ठेव," तो म्हणाला.

"फळी ओली झालीय, खलिफा. हात पुढे करा, गरम आहे तोवर घ्या."

"ओली तर ओली. हातातून घेणार नाही."

रांगेतली माणसं खिदळली. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, नान आहे तो, विंचू नाही." गौसने तिकडे लक्ष दिलं नाही. भट्टीवाल्याने कपाळावर हात मारून नान फळीवर टाकला, तेव्हा त्याने तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला, दुमडून त्याच्या पोटात काही नाही याची खात्री केली आणि मगच शालीत गुंडाळला.

तो वेडा नव्हता. पहाटेपासून काबूलवर बर्फ पडत होता, या हिवाळ्यातला पहिला. काबूल सोन्यावाचून राहील, बर्फावाचून राहणार नाही, असं म्हातारी माणसं छाती फुगवून सांगत आली आहेत. पण गेले दोन हिवाळे शहराकडे दोन्ही नव्हतं. दोन-चार वेळा भुरभुरला आणि भिंतीवर बसायच्या आत विरून गेला. यंदाही निम्मी थंडी कोरडीच सरली होती, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि मशिदीतून निघणारा प्रत्येक जण आधी आभाळाकडे आणि मग चपलांकडे बघत होता. म्हणून आज सगळं शहर खुळावलं होतं. घरांच्या सपाट छपरांवर बर्फ लोटणारी लाकडी फावडी वाजत होती. गल्लीत कधी न बोलणारे लोकही एकमेकांना "नवा बर्फ मुबारक" म्हणत होते. आणि नवा बर्फ म्हटला की बर्फी आलीच.

ही बर्फी खव्याची नव्हे. पहिला बर्फ पडला की ज्याच्या डोक्यात आधी खोडी येईल त्याने चिठ्ठी लिहायची, 'बर्फ आमचा, बर्फी तुमची', आणि ती दोस्ताच्या गळ्यात मारायची. दोस्ताने नकळत हातात घेतली की तो हरला, मेजवानी त्याच्या बोडक्यावर. पण चिठ्ठी आणणारा पकडला गेला, तर त्याच्या तोंडाला काजळी फासून परत धाडायचा, आणि मग मेजवानी धाडणाऱ्याने द्यायची. काय खायचं ते जिंकणारा सांगतो, कधी खायचं ते हरणारा. राजे गेले, रशियन गेले, अमेरिकन गेले, आता आहेत ते आहेत. बर्फीचा कायदा कुणी बदललेला नाही.

गौस आणि तवक्कुल हा कायदा तरुणपणापासून पाळत होते, आणि तरुणपणापासून गौस हरत होता. गौसचं कल्हईचं दुकान तांबटांच्या बाजारात. भांड्याच्या कामात त्याचा हात असा की सगळा बाजार त्याला खलिफा म्हणे, म्हणजे उस्ताद. तवक्कुलचं दुकान जवळच पाखरांच्या गल्लीत: चकोर, लावे, बुलबुल, आणि त्यांच्याहून जास्त किलबिल करणारा तो स्वतः. गौसला स्वतःहून बर्फी धाडणं कधी जमलं नाही. मनात कपट आलं की त्याचे कान लाल होत. तवक्कुलला मात्र वर्षभर दुसरा उद्योग नसावा. एकदा त्याने चिठ्ठी समोशात तळून पाठवली. एकदा कल्हईला म्हणून पाठवलेल्या चहाच्या समोवाराच्या नळात कोंबली. आणि तीन हिवाळ्यांपूर्वी तर त्याने कहरच केला होता.

त्या दिवशी पोरं धावत आली की तवक्कुलकाका छपरावरचा बर्फ लोटताना खाली पडले, शेवटचं बघायचं असेल तर चला. गौस होता तसा अनवाणी पळाला. शेरदरवाजाच्या डोंगरावर तवक्कुलचं घर. त्या बर्फाळ पायऱ्या तो रडत, पडत चढला. दारात तवक्कुल ठणठणीत उभा. "अरे, पाय गोठतील तुझे, आधी हे घाल," म्हणत त्याने लोकरी जोडे पुढे केले. गौसने ते घेतले. डाव्या जोड्यात चिठ्ठी होती.

सगळी गल्ली हसली. गौस हसला नाही. जोडे तिथेच फेकून तो म्हणाला, "आता तू खरंच मेलास तरी बर्फाच्या दिवशी मी येणार नाही." मेजवानी त्याने दिली, नेहमीसारखी रखडवून रखडवून पार वसंतात, नवरोजला, तो चिकट म्हणून प्रसिद्धच होता. दोस्तीही तुटली नाही. पण ते वाक्य परत घ्यायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी घेऊ म्हणता म्हणता कोरडे हिवाळे आले आणि शरद ऋतूत तवक्कुलची छाती भरली. गौस दर शुक्रवारी त्याच्याकडे बसून येई. गेल्या शुक्रवारी तवक्कुल खोकत खोकत म्हणाला होता, "बर्फ पडू दे, मग बघतो तुला." गौसची बायको कौकब ते ऐकून म्हणाली होती, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ही म्हण गौसला त्या क्षणी मुळीच आवडली नव्हती.

तेव्हा आज तो सावध होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि गौसचं तोंड तीस वेळा पोळलं होतं.

दुकानात आल्यापासून त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. गिऱ्हाईक आलं की तो हात मागे बांधून उभा राही आणि हनुवटीने उंबरठा दाखवी: तिथे ठेवा. एका बाईने पातेली उंबरठ्यावर ठेवली आणि पुटपुटत गेली की याला कसली तरी लागण झालीय. समोरचा सुक्या मेव्याचा दुकानदार कमर सगळं बघत मनुका चघळत होता.

"खलिफा," तो ओरडला, "शिंक आली तर रुमाल तरी स्वतःच्या हातून घेणार का?"

"तू तुझे बदाम मोज."

"आज तवक्कुल आजारी आहे. कोण कशाला येतंय?"

"आजारी माणसाला विचार करायला वेळ जास्त असतो," गौस म्हणाला आणि भाता ओढू लागला.

पण गंमत अशी की कुणी येईना तसा तो जास्तच बेचैन झाला. दर थोड्या वेळाने तो दारात येऊन गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघे. बर्फ पडून इतका वेळ झाला आणि तवक्कुलकडून काहीच नाही? हे त्याला चिठ्ठीपेक्षा वाईट वाटू लागलं. येऊ दे काहीतरी, तो मनात म्हणाला. आणि मग रऊफ आला.

रऊफ म्हणजे तवक्कुलचा जावई, टॅक्सी चालवायचा. मुळातच गंभीर माणूस. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही तो चाक पंक्चर झाल्यासारखा उभा आहे. टोपीवरचा बर्फही न झटकता तो सरळ आत भट्टीपर्यंत आला आणि हात पुढे केला. हातात किल्ली होती.

"काका, बाबांनी दुकानाची किल्ली दिलीय. म्हणाले, गौसला सांग पाखरांना दाणा घालायला. मला परत जायचंय, तुम्ही तेवढं..."

पुढचं गौसने ऐकलंच नाही. त्याच्या कानांत नगारे वाजायला लागले होते. त्याने डाव्या हाताने रऊफचं मनगट पकडलं, उजवा पंजा भट्टीच्या काठावरच्या काजळीत घासला आणि त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला.

"कमर! धाव! पकडला, पकडला!"

बाजार गोळा झाला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पातेलं बडवलं. "काका, ऐका तरी," रऊफ म्हणत होता, "त्यांना रात्रीपासून श्वास लागतोय. खरंच सांगतो."

"खरंच! मागच्या खेपेला छपरावरून पडला होता, तेही खरंच होतं." गौसने दोन्ही गालांवर अजून एकेक हात फिरवला. "जा, हे तोंड दाखव तुझ्या सासऱ्याला. सांग, गौसुद्दीन जिंकला. सांग, मासे आणि जिलबी. पोट फुटेस्तोवर!"

रऊफने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग किल्ली खिशात टाकली आणि तो गर्दीतून वाट काढत निघून गेला. तोंड त्याने पुसलं नाही.

कमरने चहा मागवला. बाजारातला जो तो येऊन खलिफाची पाठ थोपटून गेला. असं सुख गौसला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, आणि ते चहाचा पेला रिकामा होईपर्यंतही टिकलं नाही.

बर्फी आणणारा पळतो. हे काबूलचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. त्याचा एक पाय कायम रस्त्यावर असतो. चिठ्ठी हाती कोंबायची आणि धूम ठोकायची, नाहीतर तोंड काळं. रऊफ पळाला नव्हता. तो भट्टीपर्यंत आत आला होता. मनगट पकडल्यावर त्याने झटकासुद्धा दिला नव्हता.

"रऊफला कुठे पळता येतंय," गौस मोठ्याने म्हणाला.

"काय?" कमर म्हणाला.

"काही नाही."

त्याने एक पातेली भट्टीवर धरली, नवसागर टाकला, कथील फिरवलं आणि कापसाचा बोळा हातात धरून तसाच बसला. पातेली लाल झाली, कथील करपलं. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून कथील करपलं नव्हतं. त्याने पातेली बाजूला फेकली आणि तवक्कुलला फोन लावला. फोन बंद. बर्फाच्या दिवशी तवक्कुलचा फोन बंदच असायचा, हा त्याचा जुना डाव. पुन्हा लावला. बंद. मग त्याने घरी कौकबला लावला आणि विजयाची बातमी सांगितली. पण सांगता सांगता त्याचाच आवाज बारीक होत गेला.

"पाखरांना दाणा घालायला सांगितलं?" कौकबने विचारलं.

"हो. बहाणा."

"तवक्कुलभावजी पाखरांचा बहाणा करतील? आजवर कधी केलाय?"

गौसने आठवून पाहिलं. कधीच केला नव्हता. तवक्कुलने स्वतःच्या मरणाचा बहाणा केला, बायकोच्या बाळंतपणाचा केला, एकदा तर भूकंपाचाही केला. पाखरांचा कधीच नाही.

"अहो नजीबाचे बाबा, जाऊन या."

"आणि दारातच त्याने जोडे पुढे केले म्हणजे?"

"म्हणजे हराल! त्यात तुमचं काय सोनं झडतंय? आजवर हरलात, अजून एकदा. पण त्या माणसाला तुम्ही तीन वर्षांपूर्वी जे बोललात ना, ते मला आजही टोचतं. तुम्हाला नसेल टोचत."

"मला काय दगडाचं काळीज आहे?" गौस ओरडला आणि फोन ठेवून दिला. खरं तर तेच वाक्य त्याला सकाळपासून खात होतं. नानापेक्षा, चिठ्ठीपेक्षा त्याला भीती होती ती त्या वाक्याची. देवाने ऐकलं असेल तर?

त्याने शाल घेतली. घरी जायचं नाही, असं त्याने ठरवलं. नुसतं पाखरांच्या गल्लीपर्यंत जाऊन बघायचं. दुकान उघडं दिसलं की परत. भट्टी तशीच पेटती ठेवून तो निघाला.

पाखरांची गल्ली इतकी अरुंद की दोन जाडी माणसं भेटली तर एकाला मागे सरावं लागतं. दोन्ही बाजूंनी पिंजरे, आणि आज प्रत्येक पिंजऱ्यावर गोधडीची चिंधी टाकलेली. तवक्कुलच्या दुकानाला कुलूप होतं. फळ्यांच्या फटीतून आतल्या चकोराचा आवाज येत होता, एकसारखा, घोगरा. बाकीची पाखरं गप्प होती.

"रऊफ रोज दाणा घालून जायचा, तोही कालपासून आला नाही," शेजारचा लावेवाला म्हणाला. "मी फटीतून चार दाणे टाकले, पण ते खालीच पडतात. पाणी तर गोठलं असणार."

गौस फळीला कान लावून उभा राहिला. पहिल्या बर्फाला तवक्कुल ताप असला तरी दुकानात येई आणि एकेका पिंजऱ्यावर चिंधी घालून त्यांच्याशी गप्पा मारत बसे. किल्ली खरी होती. माणूस मरायला टेकला होता आणि त्याने दोस्ताकडे एवढंच मागितलं होतं की माझ्या पाखरांना दाणा घाल. आणि दोस्ताने काय केलं? त्याच्या जावयाचं तोंड काळं करून भर बाजारात नाचवलं.

तो पळाला. या खेपेला पायांत बूट होते, पण पाय जुने झाले होते. शेरदरवाजाच्या पायऱ्यांवर वरच्या घरांनी छपरावरचा बर्फ ढकलला होता. कधी गुडघ्याएवढा ढीग, कधी नुसती काच. तो दोनदा आपटला. एका बाईने गच्चीवरून ओरडून सांगितलं, "बाबाजी, सावकाश, म्हातारपणी हाडं जुळत नाहीत!" तो तिला काही म्हणाला नाही. आपल्या तोंडून काय निघू शकतं हे त्याला आता ठाऊक होतं. तो नुसता पुटपुटत होता: परत घेतलं, परत घेतलं, ते वाक्य मी परत घेतलं.

वळणावरून घर दिसलं आणि त्याचे पाय थबकले. उंबऱ्याबाहेर जोड्यांचा ढीग होता. पुरुषांचे, बायकांचे. त्यांच्यावर बर्फ साचत होता.

तो भिंतीला धरून उभा राहिला. पुढे जायला धीर होईना. आणि मग त्याच्या नाकाला वास आला. तेलाचा. तळणाचा. मासे तळल्याचा वास होता तो, दुसरा कसला नव्हे. त्याने दोन वेळा नाक ओढून खात्री केली. मयताच्या घरात चूल पेटत नाही. तीन दिवस शेजारी अन्न आणून देतात. इथे चूल पेटली होती. जन्मभर भांड्यांत हात घातलेल्या त्या माणसाचा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला.

दार रऊफने उघडलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत अजून काळाकुट्ट.

"हे... अजून धुतलं नाहीस, बाळा?"

"बाबा धुऊ देत नाहीत," रऊफ म्हणाला. "म्हणतात, माझ्यासमोर बस."

आत नातेवाईक भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांना हसावं की रडावं ते कळत नव्हतं. खिडकीवर प्लास्टिक, त्यावर घोंगडी. खोलीत दिवसाही अंधार. संदली म्हणजे निखाऱ्यांवर मांडलेलं बुटकं मेज; तिच्यावर पसरलेल्या रजईत गळ्यापर्यंत गुरफटून, तीन उशांना टेकून तवक्कुल बसला होता. एवढासा झाला होता. श्वास घेताना छातीतून शिटी वाजत होती. पण डोळे तेच होते, चोराचे.

"आलास?" तो म्हणाला. एकेका शब्दाला दम लागत होता. "तू तर येणार नव्हतास."

गौस त्याच्या पायांशी बसला. "तवक्कुल, मी त्या दिवशी जे बोललो ना, की तू मेलास तरी..."

"हो. आणि मी मेलो नाही, म्हणून आलास. शब्दाचा पक्का आहेस."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच हुंदका दाबला. ती तवक्कुलची बायको शाहबीबी होती. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "गौसभावजी, किती दिवसांनी हसले हे आज. डॉक्टर सकाळी येऊन गेला, म्हणाला आता घरीच असू द्या. आम्ही सगळे तोंडं पाडून बसलेलो. तेवढ्यात रऊफ हा अवतार घेऊन आला. यांनी बघितलं आणि म्हणाले, 'म्हणजे बर्फ पडला!' आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं. कुणाच्या लक्षात होतं बर्फाचं?"

"किल्ली खरीच होती?" गौसने विचारलं, जरी त्याला उत्तर माहीत होतं.

"खरीच रे. न खेळता हरलो बघ." तवक्कुलने हात वर केला, तो रजईवर परत पडला. "बीबी, वाढ याला."

"ही हार धरायची नाही. मी चुकलो. मी..."

"काळं तोंड परत आलं ना? कायदा म्हणजे कायदा. तू मासे आणि जिलबी सांगितलीस. रऊफने त्याच तोंडाने बाजारातून आणली. जिलबीवाल्याने विचारलं म्हणे, कुणाच्या घरचा सैतान तू?"

शाहबीबीने ताटली आणली. काबूलच्या थंडीतली रीत: तळलेले मासे, वर गरम जिलबी, पाक ओघळतोय. तीस हिवाळे गौसने याच ताटलीची स्वप्नं बघितली होती. लोकांच्या देखत, तवक्कुलच्या पैशाने, तवक्कुलसमोर बसून खायची. आता ती समोर होती आणि सगळं घर त्याच्याकडे बघत होतं. त्याने घास घेतला. दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तो म्हणाला, "काटा लागला."

"जिलबीत काटा?" तवक्कुल म्हणाला. "हरामखोर जिलबीवाला."

गौसने ताटली संपवली. अर्धी टाकून उठणं म्हणजे त्याच्या विजयाचा नव्हे, तवक्कुलच्या हारीचा अपमान झाला असता, एवढं त्याला समजत होतं. त्याने बोटं चाटली, रुमालाला पुसली आणि म्हणाला, "पाखरं उपाशी आहेत. चकोर ओरडतोय तुझा. आण ती किल्ली."

तवक्कुलने शाहबीबीकडे बघितलं, आणि शाहबीबी एकदम खिडकीवरच्या घोंगडीची घडी नीट करू लागली. रजईखालून त्याचा हात बाहेर आला. किल्ली मुठीत होती. तिला दोरी बांधलेली, आणि दोरीला नेहमीचा लाकडी ठोकळा.

"घे," तवक्कुल म्हणाला. "मोठ्या पिंजऱ्याला आधी पाणी. कोमट."

गौसने आपला हात खाली धरला आणि किल्ली तळव्यावर टेकली तेव्हा त्याला लागलं. ठोकळा आणि दोरीच्या मध्ये कागद होता. घडी घालून घालून नखाएवढा केलेला, पण कागद. हात मागे घ्यायला वेळ होता. भट्टीवाल्याच्या नानापासून दिवसभर त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. त्याने तवक्कुलकडे पाहिलं. तवक्कुल श्वास रोखून बसला होता, आणि त्या छातीला श्वास रोखणं परवडणारं नव्हतं.

गौसने मूठ मिटली.

"बर्फ आमचा," तवक्कुल म्हणाला, आणि खोकला आला, आणि खोकल्यातून हसू आलं, "बर्फी तुमची!"

"अरे लबाडा!" गौस ओरडला, आणि त्याचे कान लाल झाले. "मरता मरता सुद्धा!"

"दिवस मावळेपर्यंत चालते बर्फी. विचार कुणालाही." तवक्कुलने उशीवर मान टाकली. शाहबीबी तोंडात पदर कोंबून हसत होती. भिंतीपाशी बसलेल्या बायकाही हसल्या. रऊफसुद्धा हसला, काळ्या चेहऱ्यात दातांची एक ओळ चमकली. त्याला असं हसताना त्या घराने पहिल्यांदाच बघितलं असावं.

"काय खाशील?" गौसने विचारलं.

"मंतू. कौकबवहिनींच्या हातचे, वाफेवर उकडलेले. सारणात मांस जास्त, कांदा कमी. तुझ्या घरी नेहमी उलटं असतं." त्याने दम घेतला. "कधी?"

गौसने किल्ली शालीच्या टोकाला गाठ मारून बांधली. ती गाठ घट्ट करायला त्याला बराच वेळ लागला.

"नवरोजला," तो म्हणाला.

खोलीतलं हसू विरलं. नवरोज म्हणजे वसंत. बर्फ वितळून, बदामाला फुलं येऊन, मग. रऊफ हळूच म्हणाला, "काका, नवरोजला अजून..."

"मी तुला विचारलं नाही." गौसचा आवाज फाटला. "काय खायचं ते जिंकणारा सांगतो. कधी ते हरणारा. मी हरलोय. मी नवरोज म्हणतो. त्याच्या आधी एक मंतू मिळणार नाही याला. एकही नाही."

तवक्कुल त्याच्याकडे बघत राहिला. छातीतली शिटी सावकाश वाजत होती.

"चिकट्या," तो शेवटी म्हणाला. "तोवर थांबायचं मी?"

"थांबायचं. कायदा म्हणजे कायदा."

"बघतो," तवक्कुल म्हणाला. मग त्याने डोळे मिटले आणि हात हलवून जावयाला म्हणाला, "जा रे आता, तोंड धू."